लेझीम घेऊन जपानला

प्रश्न : ताई, आमची पोरगी चर्चच्या डान्स टीममधनं दहा दिवस जपानला चाललीय, लेझीम आन् घुंगरू घेऊन. तिथं ख्रिस्ती फार नाहीत म्हणतात, मग बघायला येणार कोण? आन् नाचून धर्म सांगतात होय? - एक आई, खानापूर (बेळगाव)

उत्तर : येतील की हो! ख्रिस्ती तिथं शंभरात एखादाच, पण नाच बघायला भाषा लागत नाही आन् लेझीम तर त्यांनी बघितलेलीच नसणार. मात्र नाच संपला की लगेच पत्रकं हातात कोंबू नका म्हणावं, कुणी विचारलं तर बोला, नाहीतर चहा प्या. या धर्मानं तिथं लई सोसलंय, आपल्या शेजारी गोव्यात ज्यांचं शव आहे ते मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४९ ला जपानच्या कागोशिमात उतरले, पुढं १६१४ ला देशभर बंदी आली ती १८७३ पर्यंत, लोकांनी लपूनछपून प्रार्थना जपली.

व्हिसाचं काम बेंगळुरूच्या जपानी कौन्सुलेटकडं, आन् टुरिस्ट व्हिसावर नाचाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे टीम लीडरला आधीच विचारून घ्या. लेझीमला लोखंडी साखळी असते, ती चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सिक्युरिटीवाले अडवतील. तिथं खोल्यांत तातामी असते, म्हणजे गवताची चटई, तिच्यावर चप्पलसुद्धा चालत नाही, मग घुंगरू बांधून पाय आपटणं तर सोडाच. मोजे मात्र बिनभोकाचे द्या, बूट दारातच काढावे लागतात.