स्टुटगार्टमध्ये १९६६ची मस्टँग: ३८,००० युरो द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये नोकरीसाठी पुण्याहून स्टुटगार्टला येताय, जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड आहे, आणि इथल्या एका डीलरकडे १९६६ची लाल फोर्ड मस्टँग हेरून ठेवली आहे. हार्डटॉप (पक्क्या छताची), व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन), 'पूर्ण रिस्टोअर केलेली, नोट २', किंमत ३८,००० युरो. भाव रास्त आहे का, आणि टोकन आत्ताच पाठवावं का?

टोकन पाठवू नका. आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी मी या गाडीसाठी ३०-३१ हजारांच्या पुढे जाणार नाही.

डीलरने ५०,००० युरोंच्या रिस्टोरेशनच्या बिलांची फाइल दाखवली, म्हणून तुम्हाला ३८ स्वस्त वाटताहेत. फर्निचरवर पंधरा लाख घातले म्हणून फ्लॅट पंधरा लाखांनी महाग विकला जात नाही, तसंच हे आहे. इथल्या व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये बाजारभाव आणि पुनर्बांधणीचा खर्च हे दोन वेगळे आकडे असू शकतात. दुसरा नेहमी फुगलेला असतो आणि विकणारा बोट त्याच्यावरच ठेवतो. तुम्ही पहिला मागा.

बाजारभाव स्वतः काढायचा तर अमेरिकेपासून सुरुवात करा. 'ब्रिंग अ ट्रेलर' या लिलावाच्या वेबसाइटवर गाड्या प्रत्यक्ष कितीला गेल्या ते उघड दिसतं. जाहिरातीतल्या आकड्याला काही अर्थ नाही, तो नुसता मालकाचा मूड असतो. धरा, तशीच गाडी तिकडे २२,००० युरोंना मिळते. जहाज, विमा, ब्रेमरहाफेन बंदरातला खर्च मिळून आणखी २,५०० धरू. गाडी ३० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर कस्टम्स ती संग्राह्य वस्तू म्हणून सोडतं: ड्युटी शून्य, आयात-व्हॅट ७ टक्के, म्हणजे १,७१५. हेडलाइट बदलणं, ट्यूफची (इथली वाहन-तपासणी संस्था) तपासणी, किरकोळ कामं यांचे २,००० धरले तरी गाडी २८,२०० च्या आसपास दारात उभी राहते. त्यावर डीलरचा रास्त नफा, बस. मात्र इंजिन किंवा ब्रेक आधुनिक बसवलेले असतील तर ही सवलत नाकारली जाऊ शकते. मग साधा हिशेब लागतो, १० टक्के ड्युटी आणि त्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे साडेसात हजारांच्या वर. म्हणून गाडी कोणत्या दराने सोडवली, तो कस्टम्सचा कागद बघायला मागा.

आता 'नोट २'. इथे गाड्यांना १ ते ५ असे गुण देतात, १ म्हणजे निर्दोष आणि ५ म्हणजे सांगाडा. जाहिरातीतली प्रत्येक गाडी २ असते आणि प्रत्यक्षात बहुतेक ३ निघतात. या एका आकड्याच्या फरकात हजारो युरो असतात. गुण कोणी दिले ते विचारा. विम्यासाठी केलेला छोटा रिपोर्ट असेल तर त्यात गाडी वरवर पाहिलेली असते, तो खरेदीसाठी पुरत नाही.

खरा पैसा पत्र्यात आहे. या मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे फ्लोअर सडला की गाडीच सडली. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पुढच्या काचेच्या खालची हवेची जाळी. तिच्या आतला पत्रा बाहेरून दिसतच नाही. मागच्या उन्हाळ्यात एका मित्राबरोबर लुडविग्सबुर्गजवळ एक १९६५ची गाडी पाहिली. रंग असा की त्यात भांग पाडावा. मित्राने मालकाला विचारून पाण्याची बाटली त्या जाळीवर ओतली आणि आम्ही गप्पा मारत राहिलो. थोड्या वेळाने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं कार्पेट उचललं, तर उजवीकडे चहाच्या रंगाचं पाणी साचलेलं. मालक म्हणाला, पावसाचं असेल. बाहेर कडक ऊन! तो पत्रा बदलायचा तर पुढची मडगार्डं आणि काच काढून शेकडो स्पॉट वेल्ड फोडावे लागतात. मस्टँगचा पत्रा नवा मिळतो आणि फार महागही नसतो, पण इथल्या वेल्डरची मजुरी कंबरडं मोडते.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र कोणाकडून तरी उसनं घ्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, दुसऱ्यांदा रंगवलेली गाडी त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि हजाराच्या वर आकडा गेला की खाली पुट्टी.

मग चासी नंबर. बोनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो, दारावरच्या पट्टीशी आणि कागदांशी जुळला पाहिजे. पहिला आकडा ६ म्हणजे १९६६, नंतरचं अक्षर कारखान्याचं (आर असेल तर सॅन होजे), मग ०७ म्हणजे हार्डटॉप, ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छताची), ०८ छत उघडणारी. पाचवं अक्षर इंजिनाचं आणि तेच सगळ्यात मोलाचं: टी असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली, सी म्हणजे २८९ क्यूबिक इंचाचा साधा व्ही-८, के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरवाला दुर्मिळ. जाहिरातीच्या फोटोत एक गंमत तुम्हीही तपासू शकता. त्या वर्षीच्या व्ही-८ला चाकाला पाच नट असतात आणि सहा सिलिंडरला चार. व्ही-८ म्हणून विकताहेत आणि नट चार दिसले, तर इंजिन नंतर टाकलंय. दारावरच्या पट्टीवर रंगाचं अक्षर एम असेल तर ही लाल गाडी मुळात पांढरी होती. तो दोष नाही, पण भाव उतरतो.

डीलर 'टी-५' बिल्ल्याचं कौतुक करत असेल तर तेही ऐकून घ्या. मस्टँग हे नाव क्रुप कंपनीने जर्मनीत ट्रकसाठी आधीच घेतलेलं, म्हणून फोर्डने इथे गाडी टी-५ नावाने विकली. बिल्ला विकत मिळतो. मूळ जर्मन कागद असतील तरच जादा मोजा.

एच-नंबरप्लेट (जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मिळणारी) लागलेली असेल तर किंमत थोडी जास्त देणं मला पटतं. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रात कमी प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. नसेल तर 'लागेल हो' या शब्दावर विसंबू नका. ती लागणं ही विक्रीची अट म्हणून करारात लिहून घ्या. डीलर 'ग्राहकाच्या वतीने विकतोय', म्हणजे गाडी दुसऱ्याच मालकाची आहे, असं म्हणाला तर तो जबाबदारी झटकतोय. डीलर स्वतः विकतो तेव्हा दोषांची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते, आणि त्याचे हजार-दीड हजार जादा द्यायला माझी हरकत नाही.

शेवटचं, आणि याच कारणासाठी घाई नको: भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. जुन्या गाडीचा स्वस्त विमा देताना बऱ्याच कंपन्या रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि बंद गॅरेजही मागतात. आधी लायसन्स, मग गॅरेज, मग मस्टँग. जुन्या गाड्यांचं 'रेट्रो क्लासिक्स' प्रदर्शन इथल्या मेसेत (प्रदर्शन-केंद्रात) भरतं, तिथे एका दिवसात डझनभर मस्टँग खालून-वरून बघता येतील. तोवर ही लाल गाडी ३८ लाच उभी असेल, तर तिच्या भावाबद्दल आणखी काही सांगायची गरज उरणार नाही.