पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा नको

ताई, तुमचं वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. वय ५२, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (HbA1c) ७.४, डॉक्टर म्हणाले "चालायला लागा", आणि तुम्ही दुसऱ्याच पहाटे शेजारणीबरोबर थेट साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडावर! उतरल्यावर गुडघा धरला, आठवडा झाला घरीच बसून आहात. वर मोबाईलमध्ये दहा हजार पावलं भरत नाहीत म्हणून जीव खालीवर. अकरा वर्षांपूर्वी मीही जवळपास हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते दहा हजारांचं ओझं उतरवा. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर झाला. जागतिक आरोग्य संघटना मिनिटं सांगते: आठवड्याला १५० ते ३००, बऱ्यापैकी झपझप चालण्याइतकी हालचाल. पाच दिवस अर्धा-अर्धा तास केला की दीडशे भरली. झपझप म्हणजे किती? बरोबरच्या माणसाशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागावा. आमच्या चालणाऱ्या मंडळींतले एक काका अख्खा अभंग म्हणत चालतात. त्यांना रोज सांगतो, काका, हे चालणं नव्हे, हे फिरणं.

आता गुडघा. चढताना माणूस दमतो, पण गुडघा दुखावतो तो उतरताना. उताराच्या प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाताच अंगाचं वजन पेलत असतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. सवय नसलेल्या मांडीला गडाचा उतार म्हणजे अतिच झालं. दोन्ही मांड्या भरून आल्या असतील तर दोन-चार दिवसांत ओसरतं. गुडघ्यावर सूज असेल, हाताला गरम लागत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर मात्र दाखवून घ्या. पण "झिजेल" या भीतीनं कायमच्या बसू नका. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो, त्यातून सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं आणि तिचं पोषण होतं. बसून राहिलं की तेच थांबतं.

दुखणं उतरलं की सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर करा, फक्त दहा मिनिटं. भांडी तशीच राहू देत, घरातलं दुसरं कुणीतरी घासेल. जेवल्यावर तासाभरात साखर वर चढते आणि नेमक्या त्याच वेळी पायाचे स्नायू कामाला लागले, तर ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. साखरवाल्यांना या दहा मिनिटांइतकं स्वस्त औषध मला तरी ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतरची दहा मिनिटं जोडा, मग सकाळची. झाला अर्धा तास, सलग असलाच पाहिजे असं काही नाही.

मी पहिला आठवडा गोडोलीत विजेचे खांब मोजत काढला. घरापासून चौदा खांब जायचं, वळायचं. आठवड्याला दोन खांब वाढवायचे. साताऱ्यात खरी अडचण वेगळीच: ओळखीचं माणूस गाडी थांबवून "काय साहेब, चालत? या, सोडतो" म्हणतं. दोनदा भिडेपोटी बसलो, दोनदा उरलेले खांब पुन्हा घरून निघून पुरे केले. गाव डोंगराच्या कुशीत, त्यामुळे सपाट रस्ता शोधावा लागतो. शाहू स्टेडियम उत्तम. राजपथ पहाटेच ठीक, नंतर गर्दी. आषाढात छत्री सांभाळत कसरत करू नका, घरातल्या घरात पॅसेजमध्ये चाला. कंटाळवाणं आहे, मान्य.

बुटांवर पैसे खर्च करा, बाकी कशावर नको. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. साडीवरही बूट चालतात, पहिले चार दिवस लोक बघतात, मग बघत नाहीत. आणि घरी आल्यावर तळवे बघायचे, रोज. माझ्या मोज्यात एकदा हरभऱ्याएवढा खडा होता, मला पत्ताच नाही. साखरेनं तळव्याची जाणीव कमी झालेली. फोड आला, चिघळला, तीन आठवडे घरात. अनवाणी तर गवतावरसुद्धा नको.

मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात दोन-चार गोड गोळ्या ठेवा, खायच्या साखरेच्या, औषधाच्या नव्हेत. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं की थांबायचं आणि ती गोड गोळी खायची. छातीत जड वाटलं तर मात्र तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठायचा. "थोडं पुढे जाऊन बघू" नाही.

वजनाची आशा लावून घेऊ नका. अर्ध्या तासात जेमतेम दीडशे कॅलरी जातात, आणि आमची अर्धी मंडळी चालून झालं की वडापावच्या गाडीवर. माझं वर्षात तीनच किलो उतरलं. साखर ८.१ वरून ६.९ वर आली, तीही गोळ्या चालू असताना आणि रात्रीचा भात अर्धा केल्यावर. सगळ्यात आधी सुधारली ती झोप, दुसऱ्याच आठवड्यात.

"नुसत्या चालण्यानं काय होतंय?" असं मिस्टर म्हणतात ना? ते एसटीत आहेत म्हणालात, मग त्यांना हे सांगा. लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. गाडी एकच, मार्ग एकच. मग तेही येतील चालायला, निदान वाद घालत तरी.

गडाचं मनात असेल तर नवरात्रात गडावरच्या मंगळाई देवीच्या दर्शनाला जा, तोवर दोन-तीन महिने सपाटीवर झालेले असूद्यात. वर चालत जा आणि उतरताना मिस्टरांना गाडी घेऊन दरवाज्याशी बोलवा. गाडीरस्ता आहे, लाज कसली.