बांधावरची पांढरी जाळी लाल कोळ्याची नव्हेत, कोळीनाशक फवारू नका

प्रश्न (मावळ आणि मुळशीतून आलेले एकत्र) : भात पोटरीत (लोंबी बाहेर पडण्याआधी) आहे. सकाळी दवात बांधावर पांढऱ्या चादरी पसरलेल्या दिसतात, चुडाच्या (भाताच्या ठोंबाच्या) बुडाशीही बारीक जाळी आहेत. दुकानदार म्हणतो, लाल कोळी आलाय, कोळीनाशकात सायपरमेथ्रीन मिसळून मारा. मारू का?

उत्तर : नाही. दोन्ही मारू नका. बाटलीचं सील फोडलं नसेल तर पावतीसह आजच परत करा.

घोटाळा नावाचा आहे. पिकाचा रस शोषणारा लाल कोळीही कोळी आणि जाळं विणून किडी धरणाराही कोळीच. दोघांना आठ पाय, दोघेही अष्टपाद वर्गातले, नातं तेवढंच. लाल कोळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, कंबर नसलेला, टिंबासारखा. त्याची जाळी पानाला चिकटलेली असते आणि पानावर पांढुरके-पिवळे ठिपके पडतात. पान पांढऱ्या कागदावर झटका. चालणारे टिंब पडले नाहीत, ठिपके नाहीत, तर तो लाल कोळी नाही. जाळी रात्रीत आलेलीही नाहीत. ती आधीपासून होतीच, दवामुळे दिसू लागली.

बांधावरची चादर बहुतेक हिप्पासा या कोळ्याची. चादरीच्या एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक असतं, ते गवताच्या बुडात किंवा भेगेत उतरतं. गवताच्या काडीने चादर हलकेच थरथरवा. करडा-तपकिरी कोळी भोकातून चादरीवरून धावत येतो, फसवणूक कळली की तसाच मागे पळतो. त्याच्या पोटाच्या टोकाला धागा काढणारे दोन लांब अवयव नुसत्या डोळ्यांना दिसतात. मादी अंड्यांची गोल पिशवी तिथेच चिकटवून फिरते, पिल्लं निघाली की पाठीवर घेते.

चुडाच्या बुडातला वेगळा. अटायपेना फॉर्मोसाना, दोन-तीन मिलिमीटरचा. हा चादरीवर चालत नाही, खालच्या बाजूला उलटा लटकतो. तुडतुडा म्हणजे भाताचा रस शोषणारी बारीक कीड, त्याचं पिल्लू वर पडलं की हा खालूनच चावा घेतो. तुडतुडेही बुडाशीच असतात, म्हणून हा शेतात हवाच. याची पिल्लं उंच पात्यावर चढून धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर पुढच्या खाचरात पोहोचतात.

चादर दिसली म्हणून कुल (जवळच्या जातींचा गट) एकच, असं धरू नका. भातातला अटायपेना लिनिफिइडी कुलातला. इंग्रज अभ्यासक ब्लॅकवॉलने १८५९ मध्ये मांडलेल्या या कुलात आज साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत. बांधावरचा हिप्पासा मात्र लायकोसिडी, म्हणजे लांडगा-कोळ्यांच्या कुलातला. त्या कुलातले बहुतेक कोळी जाळं न विणता शिकार करतात, हा अपवाद. भिंगातून डोळे पाहा : पुढे चार बारीक डोळ्यांची रांग, वर दोन मोठे, मागे आणखी दोन. ही लांडगा-कोळ्याची खूण. नेमकी जात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जननांग पाहूनच ठरते.

आता फवारणी. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन यांसारखी पायरेथ्रॉईड गटाची औषधं भातात मारू नका. कोळी मरतात, तपकिरी तुडतुड्याची अंडी पातीच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि पुढची पिढी मोकळ्या रानात उठते. फवारूनही खाचरात जळल्यासारखे गोल पट्टे पडतात ते यामुळेच. मग दुकानदार आणखी कडक औषध देतो. घेऊ नका. लावणीनंतर पहिले ४० दिवस 'सुरक्षेसाठी' म्हणून काहीही मारू नका. टोपणाने मोजू नका, दोन औषधं अंदाजाने मिसळू नका. दुकानदार सांगतो ते प्रमाण नव्हे, लेबलवर छापलंय ते प्रमाण.

चूड बाजूला करून बुडाशी मोजा. चुडामागे ५ ते १० तुडतुडे झाले तरच विचार करा. दोन तुडतुड्यांमागे एक कोळी किंवा दुसरा मित्रकीटक असेल तर थांबा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. मारावंच लागलं तर पायमेट्रोझिन ५० टक्के, एकरी १२० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. आधी खाचरातलं पाणी काढा आणि नोझल बुडाशी धरा. शेंड्यावर फवारलेलं औषध वाया जातं. युरियाचा जादा हप्ता बंद, तोच तुडतुडे वाढवतो.

बांधावरचं गवत राहू द्या. चालण्यापुरती वाट कापा, उरलेलं ठेवा. तणनाशक नको, बांध पेटवणं तर नकोच. राब (रोपवाटिकेची जागा) भाजायचा तो राबापुरताच. पेंढ्याच्या लहान जुड्या बांधावर काही दिवस ठेवा, कोळी आत शिरले की जुड्या खाचरात खोचा. याला पैसा लागत नाही, म्हणून दुकानात कोणी सांगत नाही. पुढच्या लावणीत दर दोन मीटरला एक फुटाचा पट्टा मोकळा सोडा.

क्रॉपसॅपच्या (कृषी विभागाच्या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाच्या) निरीक्षणासाठी आणि शेतीशाळेसाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) नाव द्या. जाताना शंका असलेलं चूड बुडासकट उपटून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून न्या. सुटं पान नेलंत तर कोळीही दिसणार नाही आणि तुडतुडाही.