कोकणात निसर्गाला धरून राहणारे, ऊबदार घर बांधायचे असेल तर सुरुवात कशापासून करावी?

तुम्ही पुण्याहून लिहिले आहे की दापोलीजवळ दहा गुंठे जागा घेतली आहे, तिथून समुद्र दिसतो, आर्किटेक्टने समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत सुचवली आहे आणि तुमच्या मनात मात्र मातीचे नाहीतर जांभ्याचे कौलारू घर आहे. या दोहोंचा मेळ बसेल का, असा तुमचा प्रश्न. मी याच तालुक्यात राहते. लग्नानंतर नऊ वर्षे सासरच्या जुन्या घरात काढली, मग २०१६ साली त्याच आवारात आम्ही नवे घर बांधले. त्या दोन घरांनी जे शिकवले ते सांगते.

आधी दिशेचे बघा. कोकणात समुद्र पश्चिमेला. पावसाळ्यात वारा येतो तो पश्चिमेकडून नाहीतर नैर्ऋत्येकडून, आणि पाऊस त्याच्यासोबत तिरका येतो. मार्चपासून मेपर्यंत दुपारचे भाजून काढणारे ऊनही तिकडूनच. म्हणजे जे डोळे भरून बघावेसे वाटते ते आणि ज्यापासून घर जपायचे ते, दोन्ही एकाच बाजूला. काचेची भिंत उभी केलीत की मे महिन्यात पडदे ओढून बसाल आणि जुलैत काचेवर नुसते पाणी दिसेल. समुद्र बघायला मिळेल तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढाच.

जुन्या माणसांनी हा पेच पडवीने सोडवला. भिंतीपासून सात-आठ फूट पुढे छप्पर उतरते आणलेले, खाली बसकी जागा, पुढे खांब. डोळ्याला समुद्र दिसतो, भिंतीला मात्र ऊन-पाऊस लागत नाही. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मुंबईत कांचनजंगा ही उंच इमारत बांधली (१९८३ मध्ये पूर्ण झाली), तिथेही हाच प्रश्न होता, कारण मुंबईचा वारा आणि समुद्राचा देखावाही पश्चिमेलाच. त्यांनी घरांना दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या मागे ठेवल्या. उंच इमारतीतली पडवीच म्हणा ना. तेव्हा आर्किटेक्टशी भांडू नका. काचेची भिंत हवीच असेल तर ती पडवीच्या आत, सावलीत घ्या, एवढेच सांगा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण आम्ही स्वतः चुकलो होतो. नव्या घराची पश्चिमेकडची भिंत त्रिकोणी चढवली आणि छप्पर तिच्यापुढे जेमतेम एक फूट काढले. बाहेरून चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, उघडा ठेवला, कारण जांभ्याचा तो गेरूसारखा रंग आम्हाला फार आवडायचा. पहिल्याच जुलैत ती भिंत पाणी प्यायली. आत कपाटाच्या मागे हात घातला तर भिंत गार आणि ओलीकिच्च, कपाटाच्या पाठीला राखाडी बुरशी, सुती साड्यांना कुबट वास. दिवाळीनंतरही ओल गेली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्या भिंतीला पूर्ण लांबीची पडवी काढली आणि पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. आता घरातले सगळे तिथेच बसतात. आंबोशी, कोकमे वाळवणे, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, सगळे पडवीत. तुम्ही ज्याला ऊब म्हणता ती आमच्या घरात तिथे आहे, आणि ती जागा आमच्या नकाशात नव्हतीच.

मातीचे घर बांधू का, असे विचारले आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तरी सासरच्या जुन्या घराच्या आतल्या भिंती मातीच्याच आहेत आणि मी आले तेव्हा त्या ठणठणीत होत्या. कारण जोते कमरेइतके उंच, छप्पर चहूबाजूंनी खाली आलेले आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडणाऱ्या. पागोळ्यांची रेघ जिथे पडते तिथे दगड मांडलेले होते, म्हणजे लाल चिखल उडून भिंतीला लागणार नाही. एवढे करणार असाल तर आतल्या भिंती मातीच्या जरूर करा. बाहेरच्या भिंतींना मात्र जांभाच घ्या.

जांभा हा आमच्या पायाखालचाच दगड. इंग्रजीत त्याला लॅटेराइट म्हणतात, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना बघून १८०७ मध्ये ते नाव दिले. खाणीतून काढला तेव्हा चिरा मऊ असतो आणि हवा लागेल तसा कडक होत जातो. म्हणून चिरे वेळेआधी आणून थप्पी लावून ठेवा. जमल्यास एक पाऊस त्यांच्या अंगावरून जाऊ द्या, कच्चे असतील ते आपोआप कळतात. चिरा निवडताना त्याच्या भोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली आहे का बघा. पावसात ती वाहून जाते आणि चिरा पोकळ होतो. आमचे गवंडी प्रत्येक चिऱ्यावर थापीचा दांडा आपटून आवाज ऐकायचे. बद्द वाजला की तो चिरा कुंपणाच्या गडग्याला. अशा माणसाला दिवसाच्या मजुरीवर ठेवा. ठोक अंगावर कामाचा ठेका दिलात की हा आवाज ऐकायला कोणी थांबत नाही.

गिलावा चुन्याचा करा. आतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटच्या गिलाव्याने ती आतच कोंडते आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी शोधावे लागतील, आम्हाला चार महिने लागले.

मात्र एका बाबतीत जुन्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, आणि हे मी कळकळीने सांगते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला. दोन्ही पहाटे, लोक झोपेत असताना. किल्लारीला माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून. ती घरेसुद्धा तिथल्याच दगड-मातीची होती, उन्हाळ्यात गार राहायची. पण भिंतीचे दोन पदर एकमेकांत गुंतवलेले नव्हते आणि चारही भिंतींना बांधून ठेवणारे काही नव्हते. तेव्हा जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवाच. आमचे गवंडी त्याला बेल्ट म्हणतात. एवढे सिमेंट वापरले म्हणून घर निसर्गापासून दूर जात नाही.

छपराचेही तसेच. ३ जून २०२० ला चक्रीवादळ आले. त्याचे नाव ‘निसर्ग’ होते. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि आमच्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपले. शेजारच्या घराचे पत्रे अख्ख्या सांगाड्यासकट उचलले गेले आणि सुपारीच्या बागेत जाऊन पडले. आमची तीन-साडेतीनशे कौले उडाली, पण सांगाडा राहिला, कारण वासे ज्या लाकडावर टेकतात ते लाकूड सुताराने बोल्टने खालच्या पट्ट्यात आवळले होते. तेव्हा मला तो खर्च जास्तीचा वाटला होता. कौलारू छपराला उतार निदान तीस अंशांचा ठेवा. दिसायला बरे म्हणून उतार कमी केला तर वाऱ्याच्या झोताने पाणी कौलाखालून उलटे चढते. लाकूड नवे साग-फणस घेण्याऐवजी मोडलेल्या घरांचे जुने मिळते का बघा. पन्नास पावसाळे काढलेला वासा आता वाकत नाही.

पाण्याचा हिशेब आधी करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचे छप्पर हजार चौरस फुटांचे असेल तर तीन हजार मिलिमीटरला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी त्यावर पडते. आणि त्याच गावात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, कारण जांभ्यात पाणी धरून राहत नाही, झिरपून निघून जाते. पन्हळी लावून निदान काही हजार लिटरची टाकी जोत्यालगत बांधाच. नंतर बांधू म्हणालात की ती राहून जाते.

आता घराबरोबर राहण्याविषयी. सासूबाई नवरात्राच्या आधी अंगण करायला घेतात. पावसाने वर आलेले खडे काढायचे, माती खणून भिजवायची, पसरायची आणि चोपण्याने चोपायची. तो धप-धप आवाज आमच्याकडे पाऊस संपल्याची खूण आहे. मग शेणाने सारवण, बोटांचे अर्धगोल फराटे सगळीकडे सारखे. फेब्रुवारीत अंगणावर मांडव पडतो, त्यावर नारळाची झापे. मेअखेर तो उतरवायचा आणि तीच झापे पडवीच्या पश्चिमेला आडोसा म्हणून बांधायची. म्हणजे घराचा आकार वर्षातून दोनदा बदलतो. पुण्याहून महिन्यातून एकदा येऊन हे होणार नाही, हेही स्पष्ट सांगते. तुम्ही बंद ठेवणार असाल तर घर लहान करा, दोन खोल्या आणि मोठी पडवी, आणि गावातल्या एखाद्या कुटुंबाला रीतसर पगार देऊन त्याची देखभाल सोपवा. बंद कौलारू घर वाळवी दोन पावसात खाते.

जनावरांचेही मनात धरा. आमच्या भागात फुरसे हा विषारी साप आहे, रचलेल्या दगडांत आणि पाचोळ्यात बसते. म्हणून घराला लागून गडगा, लाकडांची रास किंवा दाट झुडपे नकोत. चहूबाजूंनी आठ-दहा फूट स्वच्छ, चोपलेली जमीन ठेवा आणि त्यापलीकडे हवी तेवढी झाडे वाढू द्या. रात्री बाहेरचे दिवे खाली तोंड करून आणि गरजेपुरते लावा. पावसाच्या तोंडावर आमच्या मागच्या ओढ्यावर काजवे येतात. ज्या वर्षी अंगणात मोठा पांढरा दिवा होता, त्या वर्षी ते आवाराच्या या बाजूला आलेच नाहीत.

तुम्ही अजून पाया खणलेला नाही ना? मग येत्या जूनचा पाऊस त्या जागेवर येऊन बघा. जोराची सर असताना छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी जिथून वाहते तिथे खुंट्या ठोका, पुन्हा जुलैत या आणि पुन्हा ठोका. आमच्या आवारात खुंट्यांची ओळ बरोबर त्याच जागेतून गेली जिथे आम्ही स्वयंपाकघर आखले होते. घर बारा फूट वर सरकवले, मध्ये येणारा फणस ठेवला आणि न्हाणीघर त्याच्या पलीकडे नेले.

आणि कौले विकत घ्याल तेव्हा लागतात त्यापेक्षा दोनशे जास्त घेऊन पडवीच्या माळ्यावर ठेवा. वानरे दरवर्षी वीस-पंचवीस फोडतात, आणि त्याच साच्याचे कौल दहा वर्षांनी मिळत नाही.