पालकांनी जीएमसीकडे तक्रार केली तर?

तुम्ही बालरोगतज्ज्ञ म्हणून इंग्लंडला येताय आणि विचारलंय की, मुलाला मारहाण होत असल्याचा संशय कळवला आणि पालकांनी उलट आपलीच तक्रार केली, तर नोंदणी आणि व्हिसा दोन्ही जाणार का? नुसत्या तक्रारीने दोन्ही जात नाहीत. जीएमसीकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे, येणाऱ्या बहुतेक तक्रारी पहिल्या छाननीतच बंद होतात.

तरी तुमची भीती अगदीच निराधार नाही. बालसंरक्षणाची कामं करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड साउथॉल यांचं नाव २००७ मध्ये नोंदवहीतून काढलं गेलं आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. मधली वर्षं कोण भरून देणार? २०१२ पासून जीएमसीचं स्पष्ट मार्गदर्शन आहे: प्रामाणिकपणे, विनाविलंब, सयुक्तिक कारणावरून आणि योग्य मार्गाने कळवलं असेल, तर संशय पुढे निराधार ठरला तरी तुम्हाला त्याचं समर्थन करता येतं.

आता कामाचं. एकट्याने निर्णय घेऊ नका. प्रत्येक ट्रस्टमध्ये, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेत, बालसंरक्षणासाठी 'नेम्ड डॉक्टर' असतात. कन्सल्टंटशी आणि त्यांच्याशी बोला, कोणाशी किती वाजता काय बोललात ते केसपेपरवर लिहा. पालकांचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'आई संशयास्पद वाटली' असली शेरेबाजी नको. तक्रार आली की नेमकी तीच ओळ वाचून दाखवली जाते. सोशल सर्व्हिसेसना फोनवर कळवलंत तरी मागोमाग लेखी द्या. आपल्याकडच्या बाळांच्या कमरेवरचे निळसर जन्मडाग इथे कधीकधी माराचे वळ समजले जातात. ते तुमच्या चटकन लक्षात येतील, तेव्हा जन्मानंतरच्या तपासणीतच नोंदवून ठेवा.

पालकांपासून लपवाछपवी करू नका, मुलाला त्यामुळे धोका होणार असेल तेवढा अपवाद. 'या वयात अशी जखम आपोआप होत नाही, म्हणून आम्हाला तपासावंच लागतं' एवढं शांतपणे सांगा. कोणी केलं हे ठरवणं तुमचं काम नाही.

तक्रार आलीच तर सगळ्यात जाचतं ते गप्प बसणं. पालक कुठेही बोलू शकतात. तुम्ही गोपनीयतेने बांधलेले. म्हणून सहकाऱ्याने नुसतं 'कसा आहेस?' न विचारता उत्तराचा मसुदा वाचावा, बैठकीला सोबत यावं, ड्युटी बदलून द्यावी. विभाग निवडताना तिथे बालसंरक्षणाच्या केसेसचं नियमित पिअर रिव्ह्यू (सहकाऱ्यांनी एकमेकांच्या केसेस तपासणं) होतं का, हे मुलाखतीतच विचारा. प्रश्नाने कोणी गडबडलं तर समजून जा.

एनएचएसचं संरक्षण नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतं असतं, जीएमसीच्या चौकशीत वकील देत नाही. त्यासाठी एमडीयू किंवा एमपीएससारख्या, डॉक्टरांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व रुजू होण्याआधीच घ्या, आणि तक्रारीचं पत्र आलं की उत्तर लिहिण्याआधी त्यांना फोन करा.