आयर्लंडमध्ये युरोपियन संसदेचे खासदार कसे निवडतात? भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का?

डब्लिनला येऊन वर्ष झालं आणि पासपोर्ट भारतीय आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. युरोपियन संसदेसाठी तुम्हाला मत देता येणार नाही. तो हक्क इथे राहणाऱ्या आयरिश नागरिकांना आणि युरोपियन संघातल्या इतर देशांच्या नागरिकांना आहे. स्थानिक परिषदेच्या निवडणुकीत मात्र नागरिकत्वाची अट नाही. इथे राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही, यादीत नाव असलं की, मत देता येतं. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही आणि २०१९ची निवडणूक हातची गेली. त्याची हळहळ अजून वाटते.

आता निवडून कसे देतात ते. आयर्लंडला १४ जागा आहेत आणि मतदारसंघ फक्त तीन: डब्लिन (४), दक्षिण (५) आणि मिडलँड्स–नॉर्थ-वेस्ट (५). मी गॉलवेला राहतो, म्हणजे तिसऱ्यात. नागरिकत्व घेतल्यावरचं माझं पहिलं मतदान ७ जून २०२४ला, एका प्राथमिक शाळेत. हातात आलेली मतपत्रिका उलगडतच गेली, कारण उमेदवार होते २७! आडनावांच्या अकारविल्हे नावं, शेजारी फोटो. पेन्सिलीने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे, हवे तितके.

आपल्याकडे विधान परिषदेची पदवीधरांची निवडणूक पाहिली असेल तर हे ओळखीचं वाटेल. राज्यसभेचीही पद्धत याच कुळातली. १० जून २०२२ची महाराष्ट्रातली राज्यसभेची निवडणूक आठवतेय? संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, धनंजय महाडिकांना २७, तरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर महाडिक निवडून आले. तिथे मतदार आमदार होते. इथे तेच गणित लाखो सामान्य माणसांच्या मतांवर चालतं.

पाच जागा असतील तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून एक मत जास्त, हा कोटा. तो गाठला की उमेदवार निवडून आला. त्याची कोट्यावरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीच कोटा गाठला नाही तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. जागा भरेपर्यंत हेच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: फक्त १ लिहून थांबू नका. तुमचा आवडता बाद झाला आणि पुढे आकडाच नसला, तर तुमची मतपत्रिका तिथेच थांबते.

हे सगळं हाताने मोजतात. आपल्याला ईव्हीएमची सवय, त्यामुळे आधी मला नवल वाटलं. २००४च्या युरोपियन आणि स्थानिक निवडणुकीसाठी इथेही यंत्रं घेतली होती. पण अचूकतेची आणि गुप्ततेची खात्री देता येत नाही असं स्वतंत्र आयोगाने सांगितलं, आणि त्या निवडणुकीत ती वापरलीच गेली नाहीत. पाच कोटी युरोंहून जास्त खर्च झालेली ती यंत्रं २०१२मध्ये भंगारात गेली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. मतमोजणीच्या टेबलांसमोर कठडा असतो. पलीकडे पक्षांची माणसं वही घेऊन उभी असतात आणि उलगडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवरची पहिली पसंती टिपून घेतात. त्यांना टॅलीमन म्हणतात. निकालाचा अंदाज अधिकृत आकड्यांच्या कितीतरी आधी त्यांच्याकडे तयार असतो.

वेळ मात्र लागतो. आमच्या मतदारसंघाची मोजणी मेयोमधल्या कॅसलबारला, ९ जूनच्या रविवारपासून पुढे बरेच दिवस चालली. २०१९ला दक्षिण मतदारसंघात शेवटच्या जागेसाठी ग्रेस ओ'सलिव्हन आणि लिया नी रियादा यांच्यात साडेतीनशेहून कमी मतांचं अंतर होतं. पूर्ण फेरमोजणीला २८ दिवस लागू शकतील असं सांगण्यात आलं. ती सुरूही झाली, मग नी रियादा यांनी मागणी मागे घेतली.

पोटनिवडणूक नसते, हेही वेगळं. उमेदवारीबरोबरच बदली नावांची यादी दिलेली असते. २०२०मध्ये इथल्या खासदार मरेड मॅकगिनेस युरोपियन आयुक्त झाल्या, तेव्हा त्यांची जागा तशीच भरली गेली.

पुढची युरोपियन निवडणूक २०२९मध्ये आहे, स्थानिकही त्याच वर्षी. डब्लिनमध्ये घर बदलाल तेव्हा मतदार यादीतला पत्ताही लगेच बदलून घ्या.