जून आला की भांडण, दिवाळी आली की भांडण

"मॅडम, आमच्याकडे पैशाची तशी अडचण नाही, माणसंही वाईट नाहीत. तरी जून आला की भांडण, दिवाळी आली की भांडण. आम्हालाच संसार जमत नाही का?"

२०२५ ची दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा एका ताईंनी हे विचारलं. मी समुपदेशक. हाच प्रश्न नाशकातल्या कितीतरी घरांतून माझ्याकडे येतो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पंचवटीत, हिरावाडीच्या बाजूला. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात, ताई पतसंस्थेत नोकरीला. मुलगी आठवीत, धाकटा तिसरीत. धाकट्याला थंडी सुरू झाली की दम लागतो. दीर-जाऊ दिंडोरी तालुक्यात गावी राहतात, चार एकर द्राक्षबाग आहे. सासू-सासरे गावीच, पण दवाखाना म्हटला की मुक्काम पंचवटीत.

त्या दिवाळीत नेमकं बिनसलं ते सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरून. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा करायचा ठरलं होतं. मोठ्यांनी सगळे पैसे भरून टाकले, धाकट्यांचा हिस्सा आलाच नाही. पाडव्याला फोनवर विषय निघाला. दीर म्हणाले, "तुम्हाला बोनस मिळालाय ना दादा?" आणि तिथून बोलणं बंद. त्यात जाऊबाई दिवाळीला एक दिवसही पंचवटीत फिरकल्या नव्हत्या, तो राग आधीच होता.

मी ताईंना पुढच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन यायला सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना मी हे सांगते, कारण घर कसं चालतं ते माणसं तोंडाने सांगतात त्यापेक्षा त्या चौकटींत जास्त स्पष्ट दिसतं. त्यांचं कॅलेंडर तेलकट बोटांनी मऊ पडलेलं होतं. 'गॅस लावला', 'दूध १ लि. जादा', 'व्हॅन फी', 'आईंचे ड्रॉप्स संपले', 'पंप आणणे', 'वर्गणी ५०१', 'गावाहून फोन – औषध'. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत सगळं एकाच अक्षरात. नवऱ्याने स्वतःच्या हाताने काही लिहिलेलं एकाही पानावर नव्हतं.

नंतर ते दोघं मिळून आले तेव्हा मी कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवलं. ते मनापासून म्हणाले, "हिने सांगितलं असतं तर मी केलं असतं." खोटं नव्हतं ते. सांगितलेलं काम ते करतातच. पण धाकट्याचा दम्याचा पंप संपत आला आहे हे लक्षात ठेवायचं, तो आणायला कोणाला वेळ आहे ते बघायचं आणि मग आठवण करून द्यायची, हेही कामच आहे. ते ताई वर्षभर एकट्याच करत होत्या. जूनमध्ये आणि दिवाळीत अशी दहा कामं एका आठवड्यात येतात आणि मग एखाद्या डब्याच्या झाकणावरूनही भांडण पेटतं.

तरीही पाडव्याच्या फोनचा उलगडा एवढ्याने होत नव्हता. म्हणून एका मोठ्या कागदावर बारा महिने आडवे मांडले आणि त्याखाली दोन ओळी आखल्या. वरची पंचवटीची, खालची गावची. खालची ओळ भरायला कोणालाच जमेना. चार एकर बाग घरची, पण बागेचं वर्ष मोठ्या भावाला पूर्ण ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, दिरांना फोन लावा आणि पैशाबद्दल अवाक्षर न काढता फक्त बागेचं विचारा. दोन-तीन दिवस त्यांना धीर होईना. मग एका रात्री लावला आणि बोलणं बराच वेळ चाललं.

एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर मे-जूनमध्ये काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि त्याला ऊन लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे आपण ऑक्टोबर छाटणी म्हणतो ती. तिथून पुढे फेल म्हणजे जास्तीचे फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं, आणि आभाळ आलं की डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने रात्री-बेरात्री फवारणी. माल निघतो तो साधारण जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर औषध-मजुरीला पैसा नुसता जातच असतो आणि येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. २०२५ मध्ये तर मेपासूनच पाऊस सुरू झाला आणि लांबत गेला. बागांना ऊनच मिळालं नाही. छाटणीनंतर फुटवे निघाले तेव्हा दिरांना घड मोजकेच दिसले. पाडव्याचा फोन आला त्या दिवसांत ते रोज सकाळी बागेत जाऊन तेच बघत होते. भावाला सांगायची लाज वाटत होती.

जाऊबाई दिवाळीला का आल्या नाहीत, याचं उत्तरही त्याच ओळीत होतं. त्या दिवसांत डिपिंगला बायका मिळवायच्या, त्यांचा चहा-पाणी बघायचा आणि स्वतःही काम करायचं, यात त्यांचा दिवस संपत होता.

इथे माझं ठाम मत सांगते. दोन भावांच्या घरात दर महिन्याला किंवा दर खर्चाला निम्मा-निम्मा हिशोब लावला की तो बहुधा मोडतो. पगार महिन्याला येतो, बागेचा पैसा वर्षाला. वाटणी वर्षाची करावी आणि ज्याच्या हातात ज्या ऋतूत पैसा किंवा वेळ आहे त्याने त्या ऋतूचा भार उचलावा. वर्षाच्या शेवटी बेरीज जवळपास सारखी आली की झालं.

या घराने तसंच केलं. आई-वडिलांची महिन्याची औषधं आणि डोळ्यांच्या तपासण्या पंचवटीकडे. वर्षाचा विम्याचा हप्ता, आणि वर्षाचे गहू-तांदूळ-डाळी गावाकडे, एप्रिलमध्ये, हातात पैसा असताना. सासऱ्यांना सत्तरी पूर्ण झाली होती, पण त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं राहिलं होतं. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण त्यातून मिळतं. ज्यांच्या घरी ज्येष्ठ आहेत त्यांनी हे काम रिकाम्या महिन्यात उरकावं, दवाखान्यात भरती करायची वेळ येईपर्यंत थांबू नये.

दिवाळीचंही ठरलं. गावच्या घरी काम असताना त्यांनी पंचवटीत यावं ही अपेक्षाच सोडायची. उलट फराळाचे दोन डबे घेऊन मोठ्यांनीच एक दिवस गावी जायचं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मे महिन्यात मुलं गावी, जाऊबाईंकडे. कुरडया, सांडगे, पापड तिथेच, अंगणात जागा आहे आणि सासूबाईंची देखरेख. सासूबाईंना हे इतकं पटलं की म्हणाल्या, "आमच्या वेळी वैशाखात वाळवण झालं की पावसाळ्याची बेगमी झाली असं समजायचो. तुम्ही सगळं आयत्या वेळी करता."

कागद मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मी प्रत्येक घराला बघायला सांगते. सणांच्या तारखा दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पगार संपत आलेला. यंदा २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, पगार नुकताच झालेला असेल. दिवाळी तीच, पण हातातले पैसे वेगळे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता. सासूबाईंना लेक-जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ शाळा सुरू. आधीच्या वर्षांसारखं असतं तर हे दोन्ही खर्च ताईंच्या अंगावर एकदम पडले असते. कागदावर ते फेब्रुवारीतच दिसले. धोंड्याचं जेवण गावी झालं, नणंद-नंदोई तिथेच गेले, आणि ताई त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्यासारख्या पाटावर बसल्या.

जूनचं दुखणं मात्र सरळ आकड्यांचं होतं. फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट, व्हॅनचे आगाऊ पैसे. दोन्ही मुलांचे मिळून ६० हजारांच्या घरात. हा खर्च दर वर्षी येतो, तारीखही माहीत असते, तरी दर वर्षी तो अचानक आल्यासारखा वाटतो. यावर उपाय जुनाच आहे: जूनमध्येच महिना ५ हजारांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करायची, ती पुढच्या जूनच्या तोंडावर हातात येते. पहिल्या वर्षी तेवढं झेपत नसेल तर निम्म्याने करा. ठेव नवऱ्याच्या खात्यातून जाते आणि शाळेची सगळी खरेदी आता त्यांच्याकडे आहे. मेन रोडच्या गर्दीत मुलांना घेऊन तेच जातात. गणवेशाचं माप एकदा चुकलं. ताई बदलायला निघाल्या होत्या, मी त्यांना थांबवलं. ज्याचं काम त्यानेच निस्तरू द्यावं, नाहीतर ते काम महिन्याभरात परत तुमच्याकडे येतं.

धाकट्याच्या दम्यासाठी डॉक्टरांकडे जायची वेळ आम्ही बदलली. हे लोक डिसेंबरात, रात्री मूल धापा टाकायला लागलं की धावायचे. नाशिकची थंडी काही लपूनछपून येत नाही, निफाडचा पारा तर दर वर्षी बातम्यांत असतो. आता दसऱ्याच्या आसपास, फटाक्यांचा धूर आणि गारठा सुरू व्हायच्या आत एक तपासणी ठरलेली. पंप कधी घ्यायचा, कितीदा घ्यायचा, शाळेत कोणाला सांगायचं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणायचं आणि फ्रिजला लावायचं. हे काम ताईंनी स्वतःकडे ठेवलं. कोणतं काम द्यायचं आणि कोणतं सोडवत नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पंचवटीतल्या घरांना पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट मांडून ठेवावी लागणार आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं नाशकात २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत. मध्येच ४ सप्टेंबरला गणपती. सगळं भर पावसाळ्यात. रस्ते बंद असणार, शाळा-ऑफिसच्या वेळा बदलणार, आणि बारा वर्षांत न भेटलेले नातेवाईकही मुक्कामाला येणार. यांची मुलगी तेव्हा दहावीत असेल. पाहुण्यांना नाही म्हणणं आपल्याकडे कठीण, मी तसा सल्लाही देत नाही. पण कोणत्या पर्वणीला किती माणसं आणि किती रात्री, हे आतापासून दोन्ही घरांनी मिळून ठरवायचं. दिरांनी आपणहून सांगितलं की ३१ तारखेची गर्दी आमच्याकडे पाठवा, दिंडोरीहून आम्ही आणू-नेऊ. मुलीने अभ्यासाला ते दिवस मैत्रिणीकडे जायचं की गावी, हे तिलाच ठरवू दिलं आहे.

ज्यांना हे वाचून आपलंच घर आठवलं, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगते. कागद मांडून कामं वाटून घेता येतात, पण सगळंच त्याने सुटत नाही. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नियोजनाचा प्रश्न राहिलेला नसतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. या ताईंनाही झोपेसाठी मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं होतं.

या घरात सगळं सुरळीत झालं असं नाही. दिरांनी ऑपरेशनच्या खर्चातला हिस्सा मार्चमध्ये दिला, पण पूर्ण नाही, राहिलेला पुढच्या मालावर ठरला आहे. नवरा अजूनही गॅस संपल्यावरच नंबर लावतो. सासऱ्यांना हा कागदाचा प्रकार फारसा रुचलेला नाही.

कधी सुरुवात करायची असं विचाराल तर मी आषाढ सांगेन. लग्नसराई आटोपलेली असते, शाळा रुळावर आलेली असते, बागेला थोडी उसंत असते आणि श्रावणातले सण अजून लागलेले नसतात. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बसा, मुलांनाही घ्या. आधी मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त चिडचिड झाली ते प्रत्येकाने सांगायचं आणि त्या महिन्यावर खूण करायची. मग त्या महिन्यातलं काय आधी उरकता येईल, काय दुसऱ्याला देता येईल आणि काय या वर्षी करायचंच नाही, एवढं लिहा. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव घाला, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लिहू द्या.